तळहातावरचा गूळ

श्रीलंकेत रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानात बसलं, की खायला काय हवं हे बहुधा सांगावंच लागत नाही. आपण बाकावर टेकतो तोच पोऱ्या एक भरलेली थाळी आणून समोर ठेवतो. तीत मासळीचं सारण भरलेले तिकोनी पाव, तळलेले रोल, डाळीचे वडे, कटलेट आणि साखर भुरभुरलेला, मगरीसारखा लांबुळका पाव असं काय काय असतं. एवढं सगळं आपल्यासाठीच की काय, असं नवख्याला वाटतं. पण रीत अशी, की हवं तेवढं उचलायचं. उरलेलं पुन्हा काचेच्या कपाटात जातं आणि उठताना खाल्लेल्या नगांचे पैसे द्यायचे. विचारपूस नंतर, आधी समोर अन्न. ही रीत मला फार आवडते.

चहाचं मात्र विचारतात: कोरा की दुधाचा? दुधाचा म्हणजे बहुधा दूध पावडरीचा. दोन भांड्यांत वरून खाली ओतून ओतून फेस आणलेला, दाट, गोडमिट्ट. तोही चांगला असतो. पण डोंगरातल्या आणि खेड्यापाड्यातल्या दुकानांत कोरा मागावा. कित्येक ठिकाणी त्या कपात साखर नसते, बशीत गुळाचा खडा वेगळा येतो. तो तळहातावर घ्यायचा, दातानं कणभर तोडायचा आणि त्यावर चहाचा घोट घ्यायचा. गूळ विरघळत असतानाच चहाचा तुरटपणा जिभेवरून पुढे जातो आणि मागे किंचित धुराची चव राहते. कपात साखर ढवळली की सगळे घोट एकाच चवीचे होतात. इथे प्रत्येक घोटाची गोडी आपल्या दातांच्या हाती असते.

हा गूळ उसाचा नाही. तो कितुलचा, म्हणजे कोकणात ज्याला भेर्ली माड म्हणतात त्या झाडाचा. त्याच्या लोंबत्या फुलोऱ्याला काप देऊन रस उतरवतात. उंच झाडावर रोज चढणं आलं, आणि हे कसब घराण्याघराण्यांतून चालत आलेलं. रस चुलीवर आटवला की आधी काकवी होते. मडक्यात लावलेल्या म्हशीच्या घट्ट दह्यावर तीच ओततात. दक्षिणेच्या रस्त्यांवर अशा दह्याच्या मडक्यांची दुकानंच्या दुकानं लागतात. आणखी आटवला की गूळ. तो करवंटीत ओतून थिजवतात, म्हणून बाजारात अर्धगोल ढेपा दिसतात. लाकडाच्या धगीवर तासन्‌तास आटल्यामुळे तो धुराचा वास अंगात मुरलेला असतो.

उन्हातून आलेल्याच्या हातावर आपल्याकडेही गूळपाणी ठेवत. लंकेत चहाच्या कितीतरी आधीपासून हा गूळ दुसऱ्या काढ्यांसोबत दिला जायचा आणि ते काढे अजून गेलेले नाहीत. वाळवलेल्या बेलफुलांचा काढा, तरवडाच्या फुलांचा काढा, उपळसरीच्या मुळांचा काढा. सकाळी लाल तांदळाची पेज. तीत मंडूकपर्णीचा किंवा शतावरीच्या पानांचा हिरवा रस आणि नारळाचं दूध, सोबत पुन्हा गुळाचा खडा. बेलफुलांच्या काढ्याला सौम्य मधासारखा वास असतो. चालून दमलेल्या माणसाला तो चहापेक्षाही मानवतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चालून दमलेला माणूस हा त्या बेटावर जुन्या काळापासून गावाच्या जबाबदारीचा विषय होता. वाटेवर ठरावीक अंतरानं ‘अंबलम’ असत. चारी बाजूंनी मोकळी, खांबांवर उभी, वर कौलारू किंवा गवती छप्पर आणि बसायला कडेनं लाकडी ओंडके, अशी ती विसाव्याची जागा. गावकरी ती बांधत आणि राखत. कुरुनेगल जिल्ह्यातलं पणाविटियचं अंबलम अजून बघायला मिळतं. त्याच्या लाकडी खांबांवरचं कोरीव काम एखाद्या देवळाला शोभावं इतकं जीव ओतून केलेलं आहे, आणि ते केलं कुणासाठी, तर ज्यांची नावंगावं माहीत नाहीत अशा वाटसरूंसाठी. वाटेच्या कडेला भरलेली मडकी ठेवायची चाल होती. पुण्याचं मडकं म्हणत त्याला. आपली पाणपोईच ती.

वाटसरू स्वतः काय बरोबर घेत असे, हे शोधत गेलं की बेटाच्या स्वयंपाकाची अर्धी गोष्ट उलगडते. लंकेतली शिदोरी म्हणजे ‘बत् मुल’: केळीचं पान विस्तवावर धरून मऊ करायचं, त्यावर गरम भात, भाताच्या कडेनं डाळ, एखादी भाजी, सुकं कालवण, खोबऱ्याचं सांबोल, आणि पान घट्ट दुमडून पुडकं बांधायचं. दुपारपर्यंत पानाचा वास भातात उतरतो आणि कालवणं एकमेकांत थोडी झिरपतात. ताज्या ताटात जी चव नसते ती या पुडक्यात येते. आज कोलंबोतल्या कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीला हजारो पुडकी उघडतात. आत केळीच्या पानाऐवजी पुष्कळदा प्लास्टिकचा कागद असतो, आणि त्यानं वास गेला तो गेलाच.

दूरच्या प्रवासाचा खरा सोबती ‘अंबुल थियल’. हा दक्षिण किनाऱ्यावरचा, गालपासून मातरच्या पट्ट्यातला पदार्थ. ट्यूनासारख्या घट्ट मासळीचे चौकोनी तुकडे करायचे. गोरका भिजवून वाटायचा. हा गोरका म्हणजे आपल्या कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. वाळून काळाकुट्ट झालेला आणि कोकमापेक्षा जहाल आंबट. त्या वाटणात भरपूर मिरी आणि मीठ. तुकड्यांना ते असं माखायचं की मासळी दिसता कामा नये. मग केळीच्या पानाचं अस्तर दिलेल्या मातीच्या भांड्यात तुकडे एका थरात लावून, बेताचंच पाणी घालून, मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत शिजवायचं. जुन्या घरांत झाकणीवरही निखारे ठेवत. तयार झालेला तुकडा बाहेरून काळा, कोरडा, आतून घट्ट असतो. आंबटपणा आणि कोरडेपणा यांमुळे तो फ्रिजशिवाय काही दिवस सहज टिकतो. भाताच्या चार घासांना एक तुकडा पुरतो. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला ओळख पटते आणि दुसऱ्या घासाला कळतं, की हे आपलं नाही, पण नात्यातलं आहे.

तसंच इंदिआप्पांचं. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या या चकत्या म्हणजे कोकणातले शिरवाळेच. आपण ते नारळाच्या गोड रसात बुडवतो. लंकेत ते सकाळी हळदीच्या पातळ, फिक्या नारळ-कढीसोबत आणि पोल सांबोलसोबत खातात. पोल सांबोल म्हणजे ओलं खोबरं, सुकी लाल मिरची, छोटे लाल कांदे, वाळवलेल्या मालदीवी मासळीचा चुरा आणि लिंबू, हे सगळं पाट्यावर रगडलेलं. मिक्सरमध्ये केलेलं सांबोल खाऊन मत बनवू नये. वरवंट्याखाली खोबऱ्याचं तेल सुटतं आणि मिरचीचा रंग त्यात उतरतो, ते पात्यांनी होत नाही. डच वंशाच्या बर्गर कुटुंबांनी भाताच्या पुडक्याला आपलं रूप दिलं ते ‘लाम्प्राइस’: मांसाच्या रश्शात शिजवलेला भात, खिम्याचे गोळे, वांगं, कांद्याचं गोडसर सांबोल, असं सगळं केळीच्या पानात बांधून पुन्हा भट्टीत भाजलेलं.

आता चहा.

चहाचं रोप पेरादेनियाच्या वनस्पती-बागेत १८२४ सालीच चीनमधून आलं होतं, पण त्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. डोंगर कॉफीनं भरले होते. जंगलं तोडून लावलेल्या त्या कॉफीवर १८६९ साली तांबेरा दिसला. पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसायची, मग पानगळ, मग झाडं वाळायची. दहा-पंधरा वर्षांत मळे बसले आणि मळेवाले कर्जात बुडाले. वठलेल्या कॉफीच्या खोडांपासून इंग्लंडात चहाच्या मेजांचे पाय बनवले, असं सांगतात.

तांबेरा येण्याच्या दोन वर्षं आधी, १८६७ साली, कँडीजवळच्या लूलेकोंदेर मळ्यावर जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश तरुणानं १९ एकरांत चहा लावला होता. तो लंकेत आला १८५२ साली, सोळा-सतरा वर्षांचा असताना. सुरुवातीला त्याचा कारखाना म्हणजे बंगल्याची ओसरी. पानं मेजावर हातानं, मनगटापासून कोपरापर्यंतच्या जोरानं वळायची आणि मातीच्या शेगडीवर कोळशाच्या आचेनं तारेच्या जाळीवर भाजायची. १८७३ साली त्याचा २३ पौंड चहा लंडनला गेला. १८८३ साली कोलंबोत चहाचे लिलाव सुरू झाले. १८९० साली टॉमस लिप्टन आला, पडत्या भावात मळे विकत घेतले, आणि मळ्यातून थेट कपात अशी जाहिरात करत चहा सामान्य इंग्रज घरात पोचवला. टेलर १८९२ साली त्याच मळ्यावर आजारानं गेला. तिथून सुट्टीवर म्हणून तो एकदाच बाहेर पडल्याची नोंद आहे, आणि तेव्हाही दार्जिलिंगला चहाच बघायला गेला होता.

कॉफी उतरवायला बांधलेला लोहमार्ग चहामागोमाग डोंगर चढत गेला. १८६७ साली कँडी, १८८५ साली नानुओया, १९२४ साली बदुल्ला. आज जगभरातले प्रवासी या गाडीच्या दारात पाय सोडून बसतात आणि फोटो काढतात. माझ्या लेखी या गाडीतलं खरं ऐश्वर्य डब्यातून फिरणाऱ्या टोपल्यांत असतं. ‘वडे, वडे, वडे’ अशी आरोळी येते. डाळ भरड वाटून केलेले कुरकुरीत वडे, काहींवर अख्खी कोळंबी दाबून बसवलेली, सोबत तळलेली सुकी मिरची आणि चिरलेला कांदा. वडे बांधून देतात ते पुष्कळदा मुलांच्या जुन्या वह्यांच्या कागदात. तेलाच्या डागाखाली कुणाचं तरी गणित, कुणाचं तरी सिंहली किंवा तमिळ शुद्धलेखन असतं. खिडकीतून चहाचे मळे, हातात वडा, आणि थंडी वाढत चाललेली. अशा वेळी जो चहा मिळेल तो प्यावा, प्रतीची चिकित्सा करू नये.

चिकित्सा करायची तर कारखान्यात जावं. डोंगरातले हे कारखाने लांबून पांढऱ्या किंवा रुपेरी पत्र्याच्या, खिडक्याच खिडक्या असलेल्या चार मजली पेट्या वाटतात. वरच्या मजल्यांवर लांबच लांब हौदांत पानं पसरलेली असतात आणि खालून वारा सोडलेला असतो. रात्रभरात पान निम्मं सुकतं, लवचीक होतं. मग वळणी. पितळी पट्ट्यांच्या गोल मेजावर ती पानं दाबाखाली फिरतात, पेशी फुटतात, रस बाहेर येतो, आणि इथे कच्च्या पानांच्या वासाचा अचानक फळासारखा वास होतो. पसरून ठेवलेला हिरवा चुरा डोळ्यांदेखत तांबूस होत जातो. तो कुठे थांबवायचा, हे ठरवणारा माणूस नाकानं ठरवतो. मग भट्टी, आणि शेवटी चाळण्या. साधारण साडेचार किलो पानांतून एक किलो चहा निघतो.

चव ठरते उंचीवर आणि वाऱ्यावर. नुवारा एलियाचा चहा सहा हजार फुटांवरचा, रंगानं फिका, फुलासारखा नाजूक. दिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चच्या कोरड्या थंडीतला. उवाचा जुलै ते सप्टेंबरचा, डोंगरांमधून सुकं वारं सुटतं तेव्हाचा. त्याला पुदिन्याच्या जवळ जाणारी एक झिणझिणी असते. दक्षिणेला रुहुणात, समुद्रसपाटीच्या जवळ वाढलेला चहा काळा, कडक. तो इराक, तुर्कस्तान, रशिया इकडे जातो, आणि बेटाचं निम्म्याहून जास्त उत्पादन याच खालच्या पट्ट्यातलं. छोट्या शेतकऱ्यांच्या परसातला चहा हा त्यातला मोठा वाटा आहे, हे प्रवाशाला सहसा कुणी सांगत नाही. एकूण चहापैकी दहांतल्या नऊ भागांहून जास्त परदेशी जातो. रस्त्यावरच्या दुकानात उकळतो तो बहुधा बारीक भुकटीचा चहा. गुळाच्या खड्यानं त्याची तुरटी सावरली जाते. ती रीत निर्माण कशी झाली असेल, याचा अंदाज यावरून येतो.

पण ज्यांच्या हातांनी पानं खुडली जातात त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय या चहाबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

मळ्यांवरची माणसं तमिळ. कॉफीच्या काळात, १८२० च्या दशकापासून, मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी गावांतून त्यांना आणायला सुरुवात झाली. मुकादम, म्हणजे कंगाणी, गावात येऊन उचल द्यायचा आणि त्या उचलीनं माणूस बांधला जायचा. होडीतून मन्नारच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून जंगलातून दीडशे मैल मातलेपर्यंत चालायचं. वाटेत पटकी, हिवताप, जनावरं, भूक. किती मेले त्याचा नेमका हिशेब कुणी ठेवला नाही. ज्या बेटावर अनोळखी वाटसरूसाठी खांब कोरले गेले, पाण्याची मडकी भरली गेली, त्याच बेटावरचे हे सर्वांत मोठ्या संख्येनं चाललेले वाटसरू. मळेवाल्यांच्या राज्यात त्यांच्या वाट्याला ना विसावा आला ना घोटभर पाणी.

पुढचं तर त्याहून कठोर. स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या कायद्यानं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाख लंकेनं ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघायचं. जी पिढी बेटावर जन्मली, तिथेच वाढली, तिला कागदावर वाटून दिलं गेलं. राहिलेल्यांना नागरिकत्व पूर्णपणे मिळायला २००३ साल उजाडलं. आज हा समाज स्वतःला मलैयह तमिळ म्हणवतो, डोंगरातले तमिळ.

मळ्यावर अजून ब्रिटिश काळातल्या चाळी आहेत. एकाला एक चिकटलेल्या खोल्या, पुढे पडवी, आणि तीतच चूल. पहाटे या चुलींवर रोट्टी होते: गव्हाचं पीठ, ओलं खोबरं, मीठ, थापून तव्यावर जाड भाजलेली. सोबत मिरची-कांद्याचं झणझणीत सांबोल आणि कोरा चहा. हीच रोट्टी कापडात बांधून मळ्यावर नेतात आणि दुपारी उतारावरच बसून खातात. ओलं खोबरं महाग झालं की ती नुसत्या पिठाची होते. बायका डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या टोपलीत किंवा पोत्यात दोन पानं आणि एक कळी खुडत राहतात. पुष्कळ मळ्यांवर १८ किलोंच्या आसपास पानं भरल्याशिवाय पूर्ण दिवस धरत नाहीत. तोलताना पोत्याचं आणि ओल्या पानांतल्या पाण्याचं वजन कापतात, आणि त्यावरून कुरबुरी रोजच्याच. दिवसाला १००० रुपये मजुरी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. ती सरकारनं जाहीर केली २०२१ साली. लंकेचा रुपया आपल्या रुपयापेक्षा बराच हलका आहे, हे ध्यानात घ्यावं.

आणि त्याच साली रासायनिक खतांच्या आयातीवर रातोरात बंदी आली. मळ्यांचं उत्पादन घसरलं. २०२१ साली सुमारे ३० कोटी किलो असलेला चहा २०२२ साली २५ कोटींवर आला. परकीय चलन संपलं, दूध पावडर मिळेना, दुकानांतला दुधाचा चहा शंभर रुपयांवर गेला आणि कित्येक ठिकाणी बंदच झाला. त्या महिन्यांत सगळं बेट कोऱ्या चहावर आलं. कोलंबोतल्या मध्यमवर्गीयांनी ज्याचं हलाखी म्हणून वर्णन केलं, ते मळ्यांवरच्या घरांत नेहमीचंच होतं.

एवढं होऊनही बेटाचा हात आखडला नाही. मे महिन्याच्या आसपास येणाऱ्या वैशाखी पौर्णिमेला रस्तोरस्ती ‘दन्सल’ लागतात. मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट भात, सरबत, बेलफुलांचा काढा, कोरा चहा देतात. गाडी थांबवून, हात जोडून आत बोलावतात. महाराष्ट्रातून कँडीला आणि अनुराधापुरला जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंना हा अनुभव ओळखीचा असेल. १९५० साली बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, तोही मे महिनाच होता. श्रीपादाच्या शिखरावर डिसेंबर ते मे यात्रा चालते. २२४३ मीटर उंचीचा हा डोंगर बौद्धांना बुद्धाचा, हिंदूंना शिवाचा, मुसलमानांना आदमचा. लोक रात्री चढायला लागतात आणि पायऱ्यांच्या कडेच्या टपऱ्यांवर आल्याचा कोरा चहा आणि गरम रोट्टी मिळते. ती रोट्टी मळ्यावरच्या चुलीवरचीच. पायथ्यापासून चौफेर चहाचेच मळे आहेत.

मळ्यांवरच्या चाळींऐवजी स्वतंत्र घरं देण्याचं काम सुरू आहे. भारत सरकारनंही त्यात हजारो घरांचा वाटा उचलला आहे. घराला सुरुवातीला जागा ठरली होती सात पर्च, म्हणजे जेमतेम १९०० चौरस फूट. पण काम फार सावकाश चालतं आणि बहुतेकांना अजून काही मिळालेलं नाही.

२०२३ साली या समाजाला बेटावर येऊन दोनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं जुलैअखेरीस माणसं तलैमन्नारला जमली आणि पूर्वज ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं मातलेपर्यंत चालत निघाली. दोन आठवड्यांहून अधिक काळ ते चालत होते. वाटेत सिंहली, मुस्लिम, उत्तरेकडचे तमिळ अशी वेगवेगळ्या समाजांची माणसं त्यांच्यात सामील झाली. त्यांच्या मागण्या लेखी होत्या: पूर्वजांच्या कष्टांची दखल, जगण्यापुरती मजुरी, सरकारी कारभारात तमिळला बरोबरीचं स्थान, आणि ज्या घरात चूल पेटते त्या घराखालच्या जमिनीचा कागद.